बेचाळिसावा चिंचोका

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माननीय कौसल्याताई खरात. व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सचिव माननीय धर्मराज अण्णा. जाफराबादहून वेळात वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख साहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, भूगोलाचे शिक्षक राजानंद हिवाळे सर आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या बेबीनंदावहिनी. समोरचे पालक, गावकरी, आजी-माजी विद्यार्थी. आणि उजव्या भिंतीशी ओळीनं बसलेल्या माझ्या धावणाऱ्या मुली, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी घड्याळाचा माणूस आहे, त्यामुळे आधीच सांगतो, पाच मिनिटांत होणार नाही. पंधरा लागतील. नंतरच्या वक्त्यांनी मला माफ करावं.

साहेब नवीन आहेत म्हणून माझी ओळख करून देतो. मी भुजंग पडूळ. बसस्टँडच्या मागं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शिक्षण बारावी, तेही नापास. खेळाची कुठलीही पदवी माझ्याकडे नाही. तरी गेली चौदा वर्षं या शाळेच्या मुलींना मी क्रॉस कंट्री शिकवतो. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवरची शर्यत नव्हे. ढेकळं, बांध, ओढा, चिखल, जे रान समोर येईल ते तुडवत चार किलोमीटर पळायचं. संघात सहा जणी. सहापैकी पहिल्या चौघींचे क्रमांक घ्यायचे, त्यांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज सर्वांत कमी ते जिंकले. म्हणजे पहिली आलेली पोरगी एकटी काही करू शकत नाही. चौथी पोरगी संघ तारते किंवा बुडवते. हे सगळं मी पुस्तकं मागवून, डिक्शनरी शेजारी ठेवून, स्वतः शिकलो. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बायको म्हणते, लपवला तरी लपणार न्हाई.

आता सरांविषयी बोलायचं. सरांचा मनमिळाऊ स्वभाव, सरांचा खडू, सरांचे नकाशे, यांविषयी आधीचे वक्ते बोलले आहेत आणि ते बराबर आहे. माझ्याकडे सरांविषयी सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती तीन वर्षं जुनी आहे. ती ऐकून झाल्यावर तुम्हाला, पालकांना, ठरवायचं आहे की सोमवारपासून तुमच्या मुली माझ्याकडे सरावाला पाठवायच्या की नाही. म्हणून मी आज कागद लिहून आणलाय.

दैवशालाच्या विहिरीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. निदान तसं सर्वांना वाटतं. द्वारकाबाई, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसल्या आहात, तुमची लेक दैवशाला शेजारी आहे. तुमच्याकडे बघून बोलायची माझी हिंमत नाही. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघून बोलतो.

त्या डिसेंबरात जिल्ह्याची निवड स्पर्धा आपल्या गावाच्या शिवारात ठरली होती. सात संघ, बेचाळीस मुली. मार्ग मी आखला. माझी मोजायची पद्धत जुनी आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला आऱ्यांत चिंधी बांधायची आणि फेरे मोजायचे. माझ्या सायकलच्या चाकाचा एक फेरा दोन मीटर एकोणीस सेंटिमीटर. चार किलोमीटरला अठराशे साडेसव्वीस फेरे. कुणी म्हणेल, त्या अर्ध्या फेऱ्यानं काय होतं? मी म्हणतो, अर्धा फेरा सोडायचा तर मोजायचंच कशाला?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, मी शेवटची मोजणी केली आणि मार्ग अडतीस मीटर कमी भरला. सर बरोबर होते. मी म्हणालो, “सर, कडूबाच्या बांधाशी जे वळण आहे ते एकोणीस मीटर पुढं न्यायचं. एकोणीस जाताना, एकोणीस येताना. झाले अडतीस.”

सर म्हणाले, “भुजंगराव, अडतीस मीटरनं कोणाचं काय बिघडून राह्यलं? पोरी महिनाभर जुन्या वळणावर पळाल्यात. अन् तिकडं कडूबाची विहीर हाय. कठडा न्हाई तिला.”

“विहीर वळणापासून साठ मीटर लांब आहे. मी मोजलंय.”

“धुई पडून राह्यली रोज सकाळी.”

त्यावर मी जे बोललो ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, “सर, नद्या-डोंगर तुम्ही बघा. धावायचं माझ्यावर सोडा.”

बाजूला दोन-चार जण होते, ते हसले. सरही हसले. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. मी वळण पुढं नेलं.

मार्गावर खुणा करायला आम्ही झेंड्या लावत नाही, शेळ्या खातात. आमच्या घरातली जुनी लाल साडी फाडून मी तिच्या पट्ट्या काठ्यांना बांधतो. मुलींना नियम एकच: लाल डाव्या हाताला ठेवा आणि पळा. नव्या वळणावर शेवटची पट्टी बांधली तेव्हा पावणेसहा झाले होते, दिवस मावळला होता. मी घरी आलो. सकाळी मार्गावरून पुन्हा एकदा फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही. मी आखलेल्या मार्गावरून मीच कशाला फिरू, असं मला वाटलं.

आता साहेबांसाठी सांगतो. आपल्याकडे रानडुकरं आणि रोही पीक लोळवतात, म्हणून हरभऱ्याच्या भोवती जुन्या साड्या ताणून बांधतात. वाऱ्यानं साडी फडफडली की जनावर बुजतं. कडूबाच्या हरभऱ्यात आदल्या रात्री डुकरं आली होती. मी घरी गेल्यावर त्यानं दिवा घेऊन रानाभोवती साड्या बांधल्या. वळणाच्या कोपऱ्यावर, माझ्या शेवटच्या पट्टीपासून तीन पावलांवर, त्यानं जी साडी बांधली ती लाल होती. त्याच्या आईची. त्याला वळण तिथवर आणल्याचं माहीत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या बांधावर बेचाळीस मुली आणायच्या, आणि त्याला विचारायचं सुद्धा मला सुचलं नाही.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिटी झाली. धुई अशी की शंभर पावलांवरचं बाभळीचं झाड दिसेना. मी शेवटच्या रेषेवर, गळ्यात घड्याळ. सर नेहमीसारखे ओढ्यावर. त्यांची एक सवय होती, तिला मी चारचौघांत हसायचो. शर्यत सुरू व्हायच्या आधी जितक्या मुली तितके चिंचोके मोजून ते सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकायचे. ओढ्यावर एक मुलगी समोरून गेली की एक चिंचोका उजव्या खिशात. मी म्हणायचो, “सर, पोरी काय कोंबड्या हायेत का, संध्याकाळी डालायला?” ते म्हणायचे, “कोंबडी असती तर इतकं मोजलं नसतं.”

सात पंचवीसला आपली मोनाली पहिली आली. मग अंबडच्या दोघी. मग चौथी आपली, सहावी आपली. मी वहीत क्रमांक लिहीत होतो आणि आपल्या चौथ्या पोरीची वाट बघत होतो. ती म्हणजे दैवशाला. ती आठव्या जागेवर होती हे मला पहिल्या मुलीपुढं मार्ग दाखवत आलेल्या सायकलवाल्यानं सांगितलं होतं. आठवी आली, ती दुसऱ्याच शाळेची. नववी, दहावी. दैवशाला नाही. मला राग आला. खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही, राग आला. वाटलं, हिनं दम सोडला.

सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सरांचा फोन आला.

“भुजंगराव, एक चिंचोका उरलाय.”

मी म्हणालो, “तुम्ही मोजण्यात चुकलात.”

“न्हाई चुकलो.”

“सर, धुईत एखादी तुमच्या मागून गेली असेल. परत मोजा.”

आणि त्यांनी मोजले. कारण अकरा वर्षं मी आकड्यांत कधी चुकलो नाही, असं मी त्यांना अकरा वर्षं सांगत आलो होतो. त्या धुईत, ओढ्याच्या दगडावर बसून, त्या माणसानं एकेचाळीस चिंचोके मांडीवर ओतून पुन्हा मोजले. मी फोनवर होतो. गळ्यातलं घड्याळ चालू होतं. माझा तो वाद आणि ती मोजणी मिळून दोन मिनिटं चाळीस सेकंद गेले. त्यानंतर ते म्हणाले, “एकेचाळीसच गेल्या. मी मागं चाल्लो,” आणि फोन बंद झाला.

तेव्हा मला विहीर आठवली.

सभेत सांगू नये, पण सांगतो. माझे पाय हलेनात. ज्या माणसानं दोनशे पोरींना पळायला शिकवलं, तो रेषेवर उभा होता आणि त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते. मग मी पळालो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पायांत चप्पल. धुईत मला माझ्याच पट्ट्या दिसत होत्या, लाल, एकामागून एक, आणि प्रत्येक पट्टी मीच बांधलेली. नव्या वळणावर आलो. माझी शेवटची पट्टी, आणि तीन पावलांवर ती साडी. तिच्या पुढं आणखी साड्या, निळी, हिरवी, पुन्हा लाल. त्या रांगेच्या उजव्या बाजूनं ओल्या मातीत एकाच पोरीच्या बुटाचे ठसे होते. लाल डाव्या हाताला. तिनं माझा नियम मोडला नव्हता.

बाकीच्या मुली का चुकल्या नाहीत, हे मी नंतर शोधून काढलं. पुढच्यांसमोर सायकलवाला होता. मागच्या घोळक्यात आपल्या शाळेची भावना पुढं होती. ती रोज त्या बांधावर शेळ्या नेते, तिला साडी म्हणजे साडीच दिसली. दैवशाला दोन घोळक्यांच्या मध्ये एकटी होती.

ठसे विहिरीपर्यंत गेले होते. साठ मीटर. मी बराबर मोजलं होतं.

विहिरीच्या काठावर मला आधी सर दिसले नाहीत, त्यांचा आवाज ऐकू आला. सर पालथे झोपले होते, छाती काठावर, दोन्ही हात विहिरीत. त्यांनी दोन साड्या सोडून एकमेकींना गाठ मारली होती. एक टोक स्टार्टर पेटीच्या खांबाला, आणि मधला भाग हातात. खाली, दोन पुरुष खोल, पाण्यात, मोटारीच्या पाइपाला मिठी मारून दैवशाला. साडीचं दुसरं टोक तिच्या काखेखालून बांधलेलं. डावा हात मोडलेला, त्यामुळे गाठ तिनं एका हातानं आणि दातांनी मारली होती. आणि सर काय बोलत होते, ऐका.

“गोदावरीच्या उपनद्या सांग.”

खालून आवाज आला, “सर, आत्ता?”

“आत्ताच. झोपायचं न्हाई. उत्तरेकडून मिळणाऱ्या.”

“शिवना... पूर्णा... सिंदफणा...”

“सिंदफणा दक्षिणेकडून येती. परत सांग.”

दैवशाला, तू आता हसतेस. त्या दिवशी दर वेळी तुझा आवाज आधीपेक्षा बारीक येत होता. सरांना दमा आहे. त्यांचा श्वास शिटीसारखा वाजत होता, पण हात सुटले नाहीत. ते मला म्हणाले, “वर वढायला जाऊ नका, गाठ सुटंल. दोर आणा.”

दोर कडूबानं आणला. कडूबा भाऊ, उठू नका. बसा. मला बोलू द्या. कडूबा आला, दोर कमरेला बांधला आणि विहिरीत उतरला. तिला पाठीवर घेतलं. मी आणि सरांनी वर ओढलं. पोरगी काठावर आली तेव्हा तिचे ओठ काळेनिळे होते आणि ती म्हणाली, “काका, माझा नंबर गेला का?”

इथपर्यंतचं थोडंफार तुम्हाला माहीत असेल. आता जे माहीत नाही ते.

तिला खांद्यावर घेऊन मी मैदानाकडे निघालो. सर विहिरीपाशीच बसून राहिले, त्यांना चालवत नव्हतं. कडूबा कपडे पिळत होता. त्यामुळे धुईतून पोरीला घेऊन बाहेर आला तो एकटा भुजंग. लोकांना दिसलं ते एवढंच. फोटो निघाला. आणि खांद्यावर ती असताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं? एक, चार, सहा आणि तेरा, आपले चोवीस. अंबडचे तेवीस. एका गुणानं गेलो. मी स्वतःला सांगत होतो, भुजंग, हे आता मोजू नकोस. आणि मोजत होतो.

चौकशी झाली. मला मार्गाचा नकाशा मागितला. माझ्याकडे दोन नकाशे होते, जुन्या वळणाचा आणि नव्या वळणाचा. मी जुना दिला. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: शेतकऱ्याने मार्गाच्या खुणांसारख्या साड्या बांधल्यामुळे खेळाडूची दिशाभूल झाली. सही केली, तारीख घातली. कडूबाकडून लिहून घेतलं गेलं की तो पुन्हा साड्या बांधणार नाही. त्यानं विहिरीला स्वतःच्या हातानं कठडा बांधला. दोन हंगाम डुकरांनी त्याचा हरभरा लोळवला, आणि पारावर लोक म्हणत राहिले, यानंच पोरगी मारली असती. मी पारावर होतो. मी चहा पीत होतो.

आणि सव्वीस जानेवारीला याच सभागृहात, याच टेबलापाशी, पोरीचा जीव वाचवल्याबद्दल माझा सत्कार झाला. द्वारकाबाई, तुम्ही माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.

त्या संध्याकाळी सर दुकानात आले. मला वाटलं, आता संपलं. एका मोटारीची वायंडिंग काढत होतो, ती हातातून सुटली. सरांनी शाल बघितली आणि म्हणाले, “छान हाय.” मग म्हणाले, “भुजंगराव, दुसरा नकाशा फाडू नका.”

मी म्हणालो, “सर, तुम्ही सांगणार का?”

“न्हाई. मी सांगितलं तर लोक पोरींचं पळणं बंद करतील. तुम्ही सांगितलं तर कदाचित न्हाई करणार.”

“अन् मी न्हाई सांगितलं तर?”

“तर मी वाट बघून राह्यलो, इतकंच.”

मंडळी, तीन वर्षं मी या माणसाला भीत आलो. ते वर्गात शिरले की मला वाटायचं, आता बोलतील. कडूबा त्यांना रस्त्यात भेटला की दुकानातून मी बघत राहायचो, किती वेळ बोलतात. मिनिटं मोजायचो. त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. फक्त प्रत्येक शर्यतीच्या पहाटे पाच वाजता सायकल घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. “चला, मार्ग बघून येऊ.” चौदा शर्यती. मी आणि ते, अख्खा मार्ग. एकदा फडकं वाऱ्यानं फिरलेलं सापडलं. एकदा नांगरट झाली होती. एकदा काहीच सापडलं नाही, तरी ते म्हणाले, “बरं झालं आलो.”

परवा सर मुलाकडे संभाजीनगरला कायमचे जाणार. सर गेले की माझी भीती जाईल, असं मला वाटलं होतं. महिनाभर मी या तारखेची वाट बघत होतो. पण कालपासून मला वेगळीच भीती वाटते. पुढच्या महिन्यात पुन्हा जिल्ह्याची निवड आहे, आणि पहाटे पाचला माझ्या दारात कुणी येणार नाही. सांगणारा कुणी उरला नाही, की मी पुन्हा तोच होईन जो होतो. मोजणारा, आणि न बघणारा.

म्हणून हा दुसरा नकाशा. अध्यक्ष मॅडम, हा मी आपल्यासमोर ठेवतो. वळण मी पुढं नेलं. विहीर मला दाखवली होती. सकाळी मी मार्ग बघितला नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद मी वाद घातला. यात कडूबाची चूक एका धाग्याची नाही. हे मी लिहूनही दिलं आहे, त्यावर आजची तारीख आहे. जिल्ह्याच्या कार्यालयात उद्या मी स्वतः नेऊन देईन. शेवटच्या रेषेवर यापुढे मी उभा राहणार नाही. घड्याळ कुणीही बघू शकतं. मला उभं राहू दिलंत, तर मी ओढ्यावर उभा राहीन.

कडूबा भाऊ, तुमची माफी मी इथं मागणार नाही. एवढ्या लोकांसमोर मागितली तर तुम्हाला ‘जाऊ द्या’ म्हणावंच लागेल. मी रानात येईन, तिथं काय बोलायचं ते तुम्ही बोला. द्वारकाबाई, तुमच्याविषयी मला काहीच सुचत नाही. तीन दिवस हा कागद लिहितोय, तुमच्या नावापुढं जागा कोरी राहिली आहे.

आता आभार. अध्यक्ष मॅडमचे, कारण मी काय बोलणार हे न विचारता त्यांनी मला बोलू दिलं. बेबीनंदावहिनींचे, कारण दमेकरी नवऱ्याला पहाटे पाचला थंडीत सोडणं सोपं नाही. आणि सरांचे. सर, तुमच्या सत्काराच्या दिवशी मी माझंच रडगाणं गायलो. तुमचा सत्कार मला याहून चांगला करता आला नाही.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादं नाव मागंपुढं झालं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. विहिरीचं मात्र पोटात घालू नका. ते घरी न्या, आईबापांनी एकमेकांत बोला, पोरींनाही विचारा. सोमवारी सकाळी साडेपाचला मी मैदानावर असेन. ज्यांना पाठवायची आहे त्यांनी पाठवा. ज्यांना नाही पाठवायची त्यांनी मला कारण सांगायची गरज नाही. मी सातपर्यंत थांबेन. कुणीच आलं नाही तर दुकान उघडायला जाईन आणि कुणाविषयी वाईट बोलणार नाही. पण साडेपाच ते सात मी फाटकाकडे बघत उभा असेन, आणि मला भीती वाटत असेल, एवढं खरं सांगून मी खाली बसतो.